सड्यावरची वाट राखायची तर आधी ती कागदावर आणा

सरपंचताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावाच्या डोक्यावर सव्वाशे एकरांचा कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. त्यातला थोडा सरकारी, बाकी सगळा सामायिक सातबाऱ्यांचा. सड्यावरून निघून देवराईतून वाडीत आणि पुढे बंदरावर उतरणारी जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट आहे. वर्षभरात प्लॉटिंगवाल्यांच्या गाड्या फिरू लागल्या आणि सड्याच्या तोंडाशी एकाने वाटेवरच तारेचं कुंपण घातलं. ग्रामपंचायतीला सडा आणि देवराई राखायची आहे. पाखाडी धरून चालण्याची एक चांगली वाट केली तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चार माणसं येतील, बचत गटाला काम मिळेल, असंही तुम्हाला वाटतं. पैसा थोडा आहे, अधिकार किती ते नक्की ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी?

मी गेली बावीस वर्षं रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत ग्रामपंचायतींबरोबर जमिनीचे कागद, पाणी आणि वाटा या तीन गोष्टींवर काम करतो आहे. माझं उत्तर असं आहे की बांधकामाचा ठराव सध्या बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा. मी पाहिलेल्या बहुतेक गावांनी आधी पायऱ्या बांधल्या, फलक लावले, उद्घाटन केलं आणि दोन वर्षांनी कोणीतरी फाटक लावल्यावर वाटेचा कागद शोधायला धावले. तोवर जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते, आणि नवा मालक मुंबई-पुण्याचा असला तर त्याला तुमची पाखाडी म्हणजे काय हेही माहीत नसतं.

गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा. संगणकावरच्या नकाशात गटांच्या हद्दी बघायला मिळतात, पण वाटांसाठी जुना मोजणीचा नकाशाच हवा. त्यावर गाडीमार्ग दोन रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. नकाशातल्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तुमची पाखाडी या तुटक रेषेवर असेल तर अर्धं काम झालं. राजापूर तालुक्यातल्या एका गावात कलमांच्या बागेच्या मालकाने कातळावरची वाट बंद केली होती. गाव म्हणत होतं वाट आहे, तो म्हणत होता दाखवा. दोन वर्षं बोलाचाली, एकदा हातघाई. शेवटी आम्ही नकाशा त्याच्याच पडवीत पसरला, त्यावर बोट ठेवून ओढा, वडाचं झाड, देवळाचा कोपरा असं करत आलो, आणि ती तुटक रेषा बरोबर त्याच्या फाटकातून पलीकडे गेलेली निघाली. त्याने स्वतःच चष्मा लावून दोनदा पाहिली. फाटक राहिलं, पण त्याला कुलूप राहिलं नाही, आणि माणसांपुरतं बाजूला बेडं, म्हणजे कुंपणातलं छोटं दार ठेवलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

रेषा नकाशावर नसली तरी हातपाय गाळू नका. कोकणातल्या कितीतरी पाखाड्या नकाशावर नाहीत, पण वहिवाटीत आहेत, आणि वहिवाटीलाही कायद्यात जागा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ नुसार वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. कलम १८ मध्ये गावाच्या रूढीने चालत आलेल्या हक्काचीही सोय आहे.

इथे एक गोष्ट फार सांभाळायची. वाट आधीपासून वापरात असेल तर मालकाकडे लेखी 'परवानगी' मागू नका. हेतू चांगला असतो, भांडण नको म्हणून ग्रामपंचायत नम्र पत्र लिहिते की आपल्या गटातून पर्यटकांना जाण्यास परवानगी मिळावी. त्या एका पत्राने गावाचा हक्क मालकाच्या मेहेरबानीवर येतो, कारण दिलेली परवानगी मालकाला काढूनही घेता येते. पत्राची भाषा अशी ठेवा: सदर वाट पूर्वापार वहिवाटीची असून तिची नोंद ग्रामपंचायत घेत आहे, आपली हरकत असल्यास कळवावी. गोडीने बोला, चहा प्या, पण कागदावर 'परवानगी' हा शब्द येऊ देऊ नका.

वहिवाटीचा पुरावा कसा गोळा करायचा? तुमच्या गावात तो तयारच आहे. शिमग्यात देवाची पालखी कोणत्या वाटेने सड्यावर जाते, कुठे टेकते, कोणत्या घराच्या खळ्यात नाचते, हे मानकऱ्यांना तोंडपाठ असतं. पालखीची वाट कोणी अडवत नाही आणि ती वाट नव्हती असं शपथेवर सांगायला गावात कोणी धजत नाही. त्याबरोबर स्मशानाची वाट, गुरं वर न्यायची वाट, बायका गवताचे भारे आणतात ती, पूर्वी शाळेत जायची ती. साठीच्या वरच्या आठ-दहा माणसांचे जबाब घ्या, त्यांना बरोबर घेऊन वाट चाला, मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो काढा, पंचनामा करा, आणि त्यावर गुरव, मानकरी, पोलीस पाटील यांच्या सह्या घ्या. मग ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ मध्ये, वाट चढवा. मालक तयार असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. ती झाली की जमीन किती वेळा विकली गेली तरी वाट कागदाबरोबर जाते.

आता तुमच्या कुंपणाबद्दल. नकाशावरच्या सार्वजनिक वाटेवर ते असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा काढण्याचा अधिकार तुमच्याकडेच आहे. नोटीस द्या, मुदत द्या, मग काढा. वाट खासगी गटातली आणि नुसत्या वहिवाटीची असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ उपयोगी पडतं. शेताकडे किंवा चराईच्या जमिनीकडे जाणारी वाट अडवली तर तहसीलदार अडथळा दूर करायला लावू शकतात. पण त्यासाठी अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि तो ज्याची गुरं किंवा शेती अडली त्याने केलेला बरा. ग्रामपंचायतीने ठराव जोडावा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चं नाव तुम्हाला कोणी सुचवेल. ते शेतकऱ्याला बांधावरून नवी वाट मिळण्यासाठी आहे, चालायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाही, तिकडे वेळ घालवू नका.

सडा राखणं याहून अवघड आहे. खासगी जमीन विकायला ग्रामपंचायत बंदी करू शकत नाही, आणि तसं भासवूही नये. पण सरकारी गट आणि गुरचरण, म्हणजे गावाची चराईची जमीन, कोणते ते आजच वेगळे काढा. २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले आहेत. तुमच्या नोटिशीत त्याचा उल्लेख असू द्या. सामायिक सातबाऱ्यांत कितीतरी नावं असतील, त्यातली निम्मी चाकरमान्यांची. ही माणसं गणपतीत आणि शिमग्यात गावात असतात, तेव्हा विशेष ग्रामसभा लावा. दलाल एकेका वारसाला मुंबईत गाठून सही घेतो. आपण सगळ्यांना एकत्र बसवून सड्यावर नेऊन दाखवायचं.

आणि दाखवायचं काय? मी पूर्वी फुलं दाखवायचो. पावसाच्या सुरुवातीला उमलणारी पांढरी दीपकाडी, जी कोकण-गोव्याच्या सड्यांपलीकडे फारशी कुठे उगवत नाही, भाद्रपदात कातळ निळाजांभळा करणारी सीतेची आसवं, दवबिंदू नावाची किडे धरणारी वनस्पती. लोक बघायचे, छान म्हणायचे आणि घरी जायचे. आता मी पाणी दाखवतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांतून टँकर फिरतात. सडा हा गावाचा माठ आहे. जांभा सच्छिद्र, भेगांचा. पाऊस त्यात मुरतो, खाली शेडीच्या मातीचा थर लागला की अडतो आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याने बाहेर पडतो. तुमच्या वाडीची विहीर, देवळामागची पन्हळ आणि देवराईतला झरा, तिन्ही साधारण एकाच उंचीवर आहेत का ते बघा. बहुधा असतील, कारण जांभा संपून शेडी सुरू होते ती रेघ तीच. वर सडा फोडून, मुरूम पसरून, घरं आणि रस्ते केले की पाणी मुरायच्या आत वाहून जातं. उतारावर जेसीबीने शेडी उघडी केली तर पावसात ती साबणासारखी सुटते आणि दरड खाली येते. मे महिन्यात रिकामी कळशी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे पुन्हा सांगावं लागत नाही. सरकारदरबारी हीच जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी, आणि पडीक म्हणून लिहिलेली आहे. त्या एका शब्दाने कोकणातले किती सडे गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून दुसरा कागद जैवविविधतेचा. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे, तुमच्याकडे ती कागदावर असेलच. तिची लोकजैवविविधता नोंदवही उघडून वाचा. मी पाहिलेल्या कित्येक नोंदवह्या एकाच साच्यातल्या होत्या, सड्यावरच्या गावात खाडीचे मासे आणि खाडीवरच्या गावात सड्याची फुलं. तुमचीही तशी असेल तर नव्याने लिहा. सड्यावर डबकी कुठे साचतात, गवत कोणतं, गुरं कधी जातात, टिटवी उघड्या कातळावर अंडी कुठे घालते, देवराईत किंजळ, सातवीण, बेहडा, सुरंगी किती आणि धनेश कोणत्या ढोलीत बसतो. गुराखी आणि वैदू यांना समितीत बसवा. शाळेच्या मुलांना वही द्या. पुढे एखाद्या प्रकल्पाची किंवा खाणीची सुनावणी लागली की हीच नोंदवही समोर ठेवता येते, आणि ती खरी असेल तरच टिकते.

त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळ घोषित करतं, स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून. जागा लहान असली तरी चालते. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल २०२१ साली अशीच घोषित झाली. ती अवघी २.५९ हेक्टर आहे, आणि टिकली ती गावाने देवराई म्हणून राखली म्हणून. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाजवळ सापडलेल्या माशासाठी त्याच वर्षी २.११ हेक्टर क्षेत्र घोषित झालं. तेव्हा सव्वाशे एकर मागून सगळ्या मालकांना घाबरवण्यापेक्षा देवराई, झरा आणि सड्यावरचा सरकारी गट एवढ्यासाठी प्रस्ताव करा. घोषणेने जमिनीची मालकी बदलत नाही, हे ग्रामसभेत पहिल्यांदा सांगा, नाहीतर अफवा त्याच्या आधी पोचते. तुम्ही सिंधुदुर्गात असाल तर देऊळ पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे का ते तपासा. असल्यास देवराईबाबत त्यांनाही पत्र गेलं पाहिजे.

सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं असतील तर एकदा नीट शोधून घ्या. एप्रिल २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचं गोठणं ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. ती जगासमोर आली रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं सडे पायी पालथे घातले म्हणून, आणि त्यांना रस्ता दाखवला गुराख्यांनी. उक्षीच्या हत्तीच्या कातळशिल्पाभोवती गावाने पुढाकार घेऊन चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचा कठडा घातला, तिथे उभं राहून सगळं चित्र बघता येतं आणि त्यावर पाय पडत नाही. चित्रावर खडू, चुना, रंग काही भरू देऊ नका, फोटो चांगला यावा म्हणून लोक तेही करतात.

कागद हातात आले की मग वाटेकडे वळू. माझं सगळ्यात जास्त भांडण इथे होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एका गावात मी दोन वर्षं सांगत होतो की पाखाडीला सिमेंट लावू नका. निधी आला, अंदाजपत्रकात 'पाखाडी बांधणे' एवढंच लिहिलं होतं, ठेकेदाराने जुने चिरे उखडून काँक्रीटच्या गुळगुळीत पायऱ्या ओतल्या. पहिल्या पावसात त्यांवर शेवाळ धरलं. जांभ्याच्या खडबडीत पायरीवर अनवाणी पाय धरतो, काँक्रीटवर तो सुटतो. भारा घेऊन उतरणारी एक बाई मधल्या वळणावर पडली, मनगट मोडलं. त्याहून वाईट झालं ते पाण्याचं. जुन्या पाखाडीत चिऱ्यांच्या फटीतून पाणी जिरत आणि बाजूला फुटत येई. नवी पाखाडी म्हणजे सरळ पन्हळच झाली आणि सगळं पाणी खालच्या घराच्या पडवीत शिरलं. त्या घरातले लोक आजही ती जुनी पाखाडी आठवून हळहळतात.

पाखाडी दुरुस्त कशी करायची हे मला एका म्हाताऱ्या गवंड्याने शिकवलं. तो मोजपट्टी काढण्याआधी पाण्याची भरलेली कळशी मागायचा. वरच्या पायरीवर हळू ओतायचा आणि पाण्यामागून उतरत जायचा. पाणी जिथे थांबेल तिथे चिरा खचलेला. जिथे वेगाने धावेल तिथे वाट उद्या फुटणार. मग दर आठ-दहा पायऱ्यांवर एक चिरा तिरका, बाजूच्या चिऱ्यांपेक्षा चार बोटं वर, असा बसवायचा की पाणी त्याला अडून वाटेबाहेर, झाडांकडे जाईल. पायरी किंचित पुढे उतरती, चढ वितीपेक्षा कमी, आणि डोक्यावर भारा असलेल्या बाईला दोन पावलं टाकता येतील एवढी रुंद. खाली बारीक दगड ठोकून भरायचे, माती नाही, कारण माती वाहून जाते आणि चिरा हलू लागतो. चिऱ्याला टाकी लावून पृष्ठ खरखरीत ठेवायचं. बाजूचा गडगा सुका, बिनसिमेंटचा, त्यात साप-सरडेही राहतात आणि पाणीही सुटतं. तुम्ही जुलैत इरलं घेऊन स्वतः एकदा वाटेने उतरा आणि पाणी कुठे जातं ते वहीत काढा. उन्हाळ्यात केलेली पाहणी अर्धी असते.

रुंदी वाढवू नका. हे मी हात जोडून सांगतो. तीन-चार फुटांची पाखाडी माणसाला पुरते, आणि तिथे जेसीबी जात नाही हीच सड्याची राखण आहे. एकदा यंत्र वर गेलं की पुढच्या वर्षी दुचाकी जाते, मग जीप, आणि जीप पोचली की प्लॉटचा भाव चढतो. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना चांगली आहे, शेतमाल बाहेर काढायला तिचा उपयोग करा, पण ही पाखाडी त्यात घालू नका.

सड्यावर तर बांधकाम शून्य. उघड्या कातळावरूनच वाट काढा, मातीचे पातळ थर आणि डबक्यांच्या कडा टाळून, कारण बिया तिथेच असतात. फाट्यांवर अक्षर कोरलेला चिरा उभा करा, रंगाचे बाण आणि फ्लेक्स नकोत. सुटे दगड उचलून ढीग रचू देऊ नका, प्रत्येक दगडाखाली कोणीतरी राहतं. आणि कृपा करून तिथे वृक्षारोपण करू नका. उद्दिष्ट पूर्ण करायला ब्रेकरने कातळ फोडून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेले सडे मी पाहिलेत. सडा उघडा आहे म्हणजे तो उजाड झालेला नाही, तो तसाच असतो. झाडं लावायची तर देवराईच्या कडेने, देवराईतल्याच बियांची रोपं करून लावा.

गुरं बंद करू नका, कुंपणही घालू नका. कासच्या पठारावर, जे २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, जाळीचं कुंपण घातलं गेलं, चराई थांबली, गवत माजलं, फुलं मागे हटली आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. वणव्याला मात्र आवर घाला. गवत वाळायला लागलं की डिसेंबरात कातळाच्या दोन मोठ्या पट्ट्यांमधलं दहा-बारा फुटांचं गवत कापून घ्या. कातळ स्वतः आग अडवतो, आपल्याला फक्त मधले दुवे तोडायचे असतात.

वाट बंदराकडे उतरते म्हणता, तर शेवटचा तुकडा किनारा नियमन क्षेत्रात येईल. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला मनाई असते. तिथे काही बांधायचंच नाही, असं ठरवलं की प्रश्न मिटतो.

पैशाचं लवकर सांगतो. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच्या निधीत पाणी आणि स्वच्छता येते, तर झऱ्याची साफसफाई आणि पन्हळीची दुरुस्ती त्यातून करा. पाखाडी अबंधितमधून किंवा जनसुविधा अनुदानातून. 'क' वर्ग पर्यटनस्थळाची मान्यता जिल्हा नियोजन समितीकडून मिळते, पण ती घेतली की सुशोभीकरणाचा आग्रह येतो, म्हणून पहिली दोन वर्षं ती मागू नका. माझी वसुंधरा अभियानात गुण मिळतात, नोंदवही आणि झऱ्याची कामं त्यात दाखवा. रोजगार हमीवर कोकणात मजूर मिळत नाहीत, त्यावर विसंबू नका. कुठलाही निधी असो, अंदाजपत्रकाच्या शीर्षकातच 'सुक्या चिऱ्याची पाखाडी दुरुस्ती, सिमेंट न वापरता' असं लिहून घ्या. कनिष्ठ अभियंता म्हणेल की दरसूचीत अशी बाब नाही. दगडी पिचिंगची बाब असते, तिथून बोलणं सुरू करा.

माणसं येतील त्याची काळजी आतापासून करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखायला घेतली, आणि पुढे पाहुणे आले ते गावातल्या घरांत राहिले, गावाच्या हातचं जेवले. पैसा घराघरांत गेला म्हणून कासवं गावाची झाली. तुम्हीही वाडीतल्या चार-पाच घरांनी सुरुवात करा, बचत गटाने घावणे-चटणी आणि कोकम सरबत द्यावं, गाड्या वाडीच्या खाली लावायला लावून ग्रामसभेच्या ठरावाने पावती फाडावी. पावसाळ्यात वाट दाखवायला गावातलं माणूस बरोबर असल्याशिवाय सड्यावर सोडू नका, आणि एका वेळी वीसच्या वर नको. देवराईत चप्पल काढायची की नाही, कोणत्या जागी बाईने किंवा पुरुषाने जायचं नाही, हे मानकऱ्यांशी आधी बोलून घ्या. देवाला गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने साकडं घालून वाट उघडा. मी हे श्रद्धेपोटीही सांगतो आणि अनुभवानेही, कारण गाऱ्हाणं घातलेल्या वाटेवर गावातलं कोणी कचरा टाकत नाही.

आता लगेच करायचं एकच. ते तारेचं कुंपण नक्की कोणत्या दिवशी पडलं ते गुराख्यांना विचारून लिहून काढा, सहा महिन्यांची मुदत त्या दिवसापासून धावते आहे. पावसाआधी पडलं असेल तर दिवस थोडे उरलेत. नकाशाची प्रत मिळाली की कुंपणाचा गट क्रमांक आणि ज्याची गुरं अडली त्याचं म्हणणं मला पाठवा, तहसीलदारांकडच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.